चटयांचा कौल

वाळूजच्या कामगार वसाहतीतलं ‘सोबती नाट्यमंडळ’ काय चीज आहे, हे कुणी सुरेखा गाडेकरला विचारू नये. ती सांगत बसेल आणि तुमची संध्याकाळ जाईल. मंडळाला ना स्वतःचं सभागृह, ना तोंड रंगवायला धड खोली. शाळेच्या पटांगणातला सिमेंटचा ओटा हा रंगमंच, समोरची माती हे प्रेक्षागृह, आणि बसायला ज्यानं त्यानं घरून आणलेली चटई. तरी दिवाळीपासून होळीपर्यंत दरवर्षी चार नाटकांचा हंगाम होतो आणि प्रयोगाला मुंगी शिरायला जागा नसते. मुंगीचं सुरेखा सांगते. थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

ती मूळची देवगाव रंगारीची. लग्न होऊन आली तेव्हा नवरा राजेंद्र गिअरच्या कारखान्यात होता आणि मंडळात हवालदाराची कामं करायचा. त्याचा डबा घेऊन ती तालमीला गेली आणि तिथलीच झाली. आधी चहा केला, मग पडदे शिवले. मग एका वर्षी ऐन प्रयोगाच्या तोंडावर नायिकेला कांजिण्या आल्या, आणि अख्खं नाटक तोंडपाठ असलेली हीच एकटी निघाली. तेव्हापासून राजेंद्र हवालदारच राहिला. सुरेखा मात्र राणी झाली, सासू झाली, वकीलही झाली. तुला वाईट नाही का वाटत, असं कुणी विचारलं तर तो म्हणतो, “घरी बी मेन रोल तिचाच हाय. सवय झाली.”

यंदा बाईंनी नाटकच लिहिलं. नाव ‘चालता पट्टा’. कंपनीत पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या औषधाच्या बाटल्या खोक्यात भरणाऱ्या बायकांचं नाटक. कंबर धरेपर्यंत सुरेखानं स्वतः ते काम केलं होतं, त्यामुळं पंख्याखालच्या जागेवरून होणारी भांडणं, सुपरवायझरची नक्कल, डब्यातल्या ठेच्याची वाटावाटी, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. बोलणंही त्यांचंच, ‘लई’ आणि ‘नाय’चं. मंडळात आजवर बाईनं लिहिलेलं नाटक कधी झालं नव्हतं. हंगामातली तीन नाटकं ठरली होती: एक लग्नाचा फार्स, एक किल्ल्याच्या पहारेकऱ्याचं, एक मुलांचं. चौथी जागा मोकळी होती. ‘चालता पट्टा’ पास झालं नाही, तर तिथं मागच्याच वर्षीचं विनोदी नाटक पुन्हा लागणार होतं. सुरेखाला ती जागा हवी होती आणि तिनं ते लपवलंही नव्हतं.

पास कसं होतं, ते मंडळाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नाटक हंगामात घेण्याआधी वसाहतीसमोर त्याचं वाचन होतं. लोक चटया घेऊन येतात. ज्याला आवडत नाही तो आपली चटई गुंडाळून गुपचूप घरी जातो. वाचन संपल्यावर निम्म्याहून जास्त चटया पसरलेल्या असल्या, तर नाटक घ्यायचं. हा नियम तात्यासाहेबांचा. ते मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त फोरमन आणि शिस्तीला कडक. “लोक तोंडावर छानच म्हणतात,” ते सांगायचे. “चटई खोटं बोलत नाय.”

वाचनाचा दिवस सुरेखानंच धरला. दसऱ्याआधीचा रविवार, दुपारची वेळ. राजेंद्रच्या कारखान्याला रविवारी सुट्टी, म्हणजे सगळ्यांनाच असणार, असं तिनं धरून टाकलं. पॅकिंगवाल्या बायका झाडून आल्या. पुढच्या रांगेत बिडकीनची नजमुन्निसा होती. वसाहतीत तिला सगळे नजमाआपा म्हणत. पट्ट्यावर सुरेखाच्या शेजारी तीच उभी राहायची. मेघाही होती, आणि तिचं हसणं अख्ख्या पटांगणाला ऐकू जायचं.

आधी तात्यासाहेबांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. त्यांचे दोन शब्द म्हणजे मारुतीचं शेपूट. मंडळाची स्थापना झाली, पहिला पडदा झाला, पडद्याचं कापड कुठून आणलं तेही झालं. बायका सारख्या मोबाइलात वेळ बघायला लागल्या. सुरेखाला वाटलं, कंटाळल्या.

अखेर तिनं वाचायला घेतलं आणि पटांगण हललं. सुपरवायझरच्या नकलेला मेघा इतकी हसली की शेजारणीनं तिची पाठ थोपटली. पंख्याच्या भांडणाला नजमाआपा मोठ्यानं म्हणाली, “हे माझंच हाय, नाव तेवढं बदललंय.” सुरेखाचा आवाज चढत गेला. आता शेवटचा प्रवेश राहिला होता आणि सगळं नाटक त्याच्यासाठीच लिहिलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. कंपनीची बस आली होती.

बायका उठल्या. सुरेखाला काही कळेना. मग मेघाच ओशाळून म्हणाली, “ताई, सणाच्या ऑर्डरी हायेत ना. आज रविवारची बी दुसरी शिफ्ट लागलीय.”

सुरेखाचा चेहरा उतरला. ज्या बायकांवर नाटक लिहिलं, त्यांचीच शिफ्ट विचारायची राहिली होती. आपण कंपनी सोडली आणि एवढ्यात शिफ्ट विसरलो, या विचारानं तिला स्वतःचीच चीड आली.

नजमाआपा चटई उचलायला वाकली. कोपरा हातात घेऊन क्षणभर थांबली. मग तिनं तो खाली सोडला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला आणि बसकडे निघाली. मेघानं ते पाहिलं आणि तसंच केलं. मग तिच्या मागचीनं. पटांगणात दगड शोधायची एकच धांदल उडाली. बस सुटली तेव्हा अर्ध्या पटांगणात नुसत्या चटया होत्या.

“वाचा,” तात्यासाहेब म्हणाले. “वाचन अर्ध्यात सोडायचं नसतं.”

सुरेखानं शेवटचा प्रवेश त्या रिकाम्या चटयांकडे पाहत वाचला. तिनं वाचन पडू दिलं नाही.

मग वाद झाला. हिशेब ठेवणारा अभय म्हणाला की माणूसच नाही तर चटई मोजायची कशी. तात्यासाहेब म्हणाले, नियमात चटई आहे, माणूस नाही, आणि चटया पसरलेल्या आहेत. “नाटक पास. लिहा हंगामात.”

“नका लिहू,” सुरेखा म्हणाली.

अभयनं उघडलेली वही मिटली.

“शेवट नाय ऐकला त्यांनी. शेवट ऐकून उठून गेल्या असत्या तर? अर्ध्या नाटकावर पास नाय व्हायचं मला.” राजेंद्रनं कपाळाला हात लावला. हिच्या मानीपणाशी त्याचा संसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, राजेंद्रच्या दुपारच्या शिफ्टआधी, मोटारसायकलवर चटयांची चळत बांधून नवराबायको दारोदार निघाले. पहिलं घर नजमाआपाचं. शिफ्ट करून आल्यानं तिचे डोळे सुजले होते.

“हे कशाला आणलंस?”

“आपा, चटई तुमची. आन् शेवट राह्यलाय, तो बी आणलाय. बसा, वाचते. मग सांगा खरं काय ते.”

“खबरदार,” नजमाआपा म्हणाली. “आत्ताच सांगितलास तर प्रयोगाला काय तुझं तोंड बघायला येऊ? चटई मी विसरले नव्हते. पुढची जागा धरली व्हती. तुझ्याकडंच ठेव आन् त्या दिवशी बरुबर पुढं टाक.”

मेघाच्या दारात तेच झालं. तिच्या पलीकडच्या घरातही. एकीनंही चटई परत घेतली नाही, एकीनंही शेवट ऐकून घेतला नाही. प्रत्येकीनं वरून हेच सुनावलं की तारीख धरताना आमच्या शिफ्टचा बोर्ड बघ, कालच्यासारखा येडेपणा करू नको. सुरेखा शिव्या खात हसत होती. इतकी वर्षं राणी होऊन टाळ्या घेतल्या, पण असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि तिनं तो राजेंद्रला तीनदा बोलून दाखवला.

सगळी चळत पुन्हा घरी आली. सुरेखानं तात्यासाहेबांना फोन लावला.

“लिहा आता चौथं नाटक.”

“लिहिलं,” तात्यासाहेब म्हणाले. “तारीख कोणती टाकू?”

“ती जागा कोरी ठेवा,” सुरेखा म्हणाली. “तारीख बाया सांगतील.”