उभी राहिलेली गोधडी

संभाजी सोनकांबळे यांच्या घरातलं कॅलेंडर तारीख बघण्यासाठी लावलेलं नव्हतं. तारखा त्यांना तोंडपाठ असत. दर महिन्याच्या पहिल्या चौकोनात ते लाल पेनाने एक काम लिहीत, जन्मात कधी न केलेलं आणि घरच्या घरी स्वतःच्या हाताने करायचं. 'नवारीची खाट.' 'स्टूल.' 'जुन्या छत्रीच्या पिशव्या.' निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि हैदराबादेत दिलसुखनगरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खाट झकास झाली होती. स्टूल एका पायाने आखूड होतं, आणि जो पाहुणा लवकर उठून जावा असं वाटे, त्याला त्यांची बायको विमलाबाई मुद्दाम तेच बसायला देत.

निवृत्तीआधी चौतीस वर्षं संभाजीराव शहरातल्या कोठी भागातल्या एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. फाटलेली रजिस्टरं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, खळ लावायची आणि रेकॉर्ड रूममध्ये रचून ठेवायची, हे त्यांचं काम. देगलूरजवळच्या खेड्यातून दहावी पास होऊन आलेला पोरगा खाकी कपडे घालून त्या खोलीत शिरला आणि केस पांढरे करूनच बाहेर पडला. त्यांनी शिवलेलं रजिस्टर जिन्यावरून खाली फेकलं तरी पान सुटत नसे. एका नव्या साहेबाने खरंच फेकून पाहिलं होतं आणि मग वाकून स्वतःच उचललं होतं. ही गोष्ट संभाजीराव अजून सांगतात. पण त्या हजारो रजिस्टरांपैकी एकावरही त्यांचं नाव नव्हतं. वर साहेबाची सही, आत कारकुनाचं अक्षर, आणि बांधणाऱ्यासाठी रकाना कुठेच नाही. हे त्यांना लागत असे. बोलून दाखवत नसत, पण लागत असे.

विमलाबाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या हाताला नाव होतं. सोनकांबळ्यांच्या आणि त्यांच्या माहेरच्या गोतावळ्यात जन्मलेलं प्रत्येक बाळ नामकरणाच्या दिवशी पहिल्यांदा झोपे ते विमलाबाईंनी शिवलेल्या गोधडीवर. त्या तिला वाकळ म्हणत. आतापर्यंत पंचवीस झाल्या होत्या. गोधडीचा शेवटचा कोपरा त्या एकट्याच, दार लोटून शिवत. वाकळ उपाशी राहू नये म्हणून त्या कोपऱ्यात जोंधळ्याचे चार दाणे घालायचे, आणि वर आपल्या आईच्या लाल लुगड्याचा त्रिकोणी तुकडा लावायचा. तो त्रिकोण दिसला की नांदेडपासून हैदराबादपर्यंतच्या बाया ओळखत, ही विमलची.

एकदा, लग्नाला पाचसहा वर्षं झाली असतील तेव्हा, संभाजीरावांनी आपली जुनी खाकी पँट पुढे केली होती. "माझा बी एक तुकडा लाव की."

"खाकीत सुई जात न्हाई," विमलाबाई मान वर न करता म्हणाल्या होत्या. "आन् वाकळीला मायेचं कापड लागतं, सरकारचं न्हाई."

संभाजीरावांनी पँटची घडी घालून ती ट्रंकेत टाकली. विषय संपला.

या वर्षी त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, रेणुकाला, दिवस गेले. सव्विसावी गोधडी आपल्याच नातवंडाची, म्हणून विमलाबाईंनी तिच्यासाठी आईचं उरलेलं अख्खं लुगडं काढलं. स्वतःच्या तीन मऊ साड्या फाडल्या, चौकोन कापून ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी ओल्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. दीड महिना प्लास्टर. ते निघालं तेव्हा रेणुकाला मुलगी झाली होती, आणि विमलाबाईंच्या बोटांना पाण्याचा पेलासुद्धा उचलवत नव्हता. नामकरण पाच आठवड्यांवर आलं होतं.

"आई, टेन्शन कायकू घेते?" रेणुका फोनवर म्हणाली. "ऑनलाइन बेबी क्विल्ट मिळतात. आज ऑर्डर केली की उद्या दारात."

विमलाबाई हौ म्हणाल्या, फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. जेवायला उठल्या नाहीत. संसारात फार थोड्या वेळा संभाजीरावांनी ती पाठ तशी पाहिली होती. त्यांनी लाल पेन घेतला आणि महिना अर्धा झालेला असूनही कॅलेंडरवर लिहिलं, 'गोधडी.'

पुढचे बारा दिवस विमलाबाई बाळंतिणीच्या सोबतीला रेणुकाकडे गेल्या. एका हाताने का होईना, बाळाला मांडीवर घेता येत होतं. संभाजीरावांना रान मोकळं मिळालं. सुलतान बाजारात जाऊन ते सुया आणि दोऱ्याची रिळं घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "क्या सीना है, चचा?" तेव्हा त्यांनी सरळ थाप मारली, "घर में बोले, लाना." मग खिडकीचा पडदा ओढला, विमलाबाईंनी कापून ठेवलेले चौकोन मांडले आणि कामाला बसले.

आता शिवण म्हणजे काय, हे ज्याने चौतीस वर्षं शिवलं त्याला कोण शिकवणार? कापडाचे थर सरकत होते, म्हणून त्यांनी मैद्याची खळ शिजवून थर एकमेकांना चिकटवले. दोरा कुजू नये म्हणून त्याला मेण चोळलं. दर चार बोटांवर टाका आवळून वर पक्की गाठ मारली. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटता कामा नयेत, हा त्यांच्या धंद्याचा कायदाच होता. खालच्या मजल्यावरचे अप्पाराव सांजच्या चहाला डोकावले. खळीचं पातेलं आणि मेणबत्ती पाहून म्हणाले, "क्या सोनकांबळे साब, पतंगां बना रहे?" संभाजीराव हौ म्हणाले. अप्पारावांना त्यांनी त्या आखूड स्टुलावर बसवलं होतं, त्यामुळे ते फार वेळ थांबले नाहीत.

तेराव्या दिवशी विमलाबाई घरी आल्या. संभाजीरावांनी त्यांना खाटेवर बसवलं, आतल्या खोलीतून गोधडी आणली आणि कौतुकाने भिंतीशी ठेवली. गोधडी उभी राहिली. कुणी धरलेली नसताना, कडक, ताठ, चारी कोपरे सरळ करून उभी राहिली.

विमलाबाईंनी एकदा गोधडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. आणि त्या हसू लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. "आवो, ह्याच्यावर लेकरू निजवायचं का फायली ठिवायच्या?"

संभाजीरावही हसले असते. पण विमलाबाईंनी डावा हात गोधडीवर फिरवला, एकेक गाठ तळव्याला लागली, आणि मधल्या लाल चौकोनाशी हात थांबला. तिथे त्यांच्या आईचं लुगडं होतं, खळीने पुठ्ठ्यासारखं झालेलं. हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "मायचं येवढंच उरलं होतं," त्या म्हणाल्या.

संभाजीरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांच्या शिव्या त्यांनी ऐकल्या होत्या, एकदा सस्पेन्शनची नोटीसही हातात घेतली होती, पण इतकं खुजं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. ते उठले. बादलीत कोमट पाणी ओतलं आणि गोधडी बुडवली.

दोन दिवस ते गाठी कापत बसले. त्यांच्याच गाठी, त्यांनीच पक्क्या मारलेल्या. सुटता सुटेनात. चष्मा नाकावर, ब्लेड बोटात, आणि तोंडाने स्वतःला शिव्या. मेण कोमट पाण्याला बधलं नाही, ते दोऱ्यासकट निघालं. खळ मात्र चार पाण्यांत गेली. जुनं सुती कापड काय काय सोसतं, याचं त्यांना नवल वाटलं. लुगड्याचा लाल रंग थोडा उतरला, पण कापड मऊ ते मऊच राहिलं. वाळलेले चौकोन इस्त्री करून त्यांनी विमलाबाईंच्या पुढ्यात मांडले आणि म्हणाले, "आता तू सांग. मी शिवतो."

अठरा दिवस उरले होते.

विमलाबाई अवघड मास्तरीण निघाल्या. उजवा हात मांडीवर ठेवून खाटेवर बसत आणि तिथून हुकूम सोडत. "काठापासून सुरू करा. फिरत फिरत मधी या." "टाका केवढा घेतला? त्यातून उंदीर जाईल." "ओढू नका! दोऱ्याला ओढायलाव का बैलाला?" गाठ कधी वर दिसू द्यायची नाही. दोरा संपला की सुई दोन थरांच्या मधून फिरवून शेपूट आत जिरवायचं, नाहीतर बाळाच्या अंगाला टोचतं. संभाजीरावांचा हात आवळायला शिकलेला होता. सैल सोडायला तो तयारच होईना. पहिल्या दिवशी एक ओळ झाली, ती विमलाबाईंनी उसवायला लावली. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या, त्यातली एक उसवली. तिसऱ्या दिवशी संभाजीराव चिडून गच्चीवर जाऊन बसले. अर्ध्या तासाने स्वतःच खाली आले, सुईत दोरा ओवला आणि पुन्हा काठाशी बसले.

रोज संध्याकाळी तपासणी असे. विमलाबाई डोळे मिटून डावा तळवा कापडावरून नेत. "हितं गाठ हाय." "हितं चुणी पडली." ते निमूट उसवत. आठवड्याभरात बोटांना घट्टे पडले, अंगुस्तान घालूनही अंगठ्यातून रक्त आलं, आणि एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की आपण दोरा ओढत नाही आहोत. सुई पुढे चालली होती आणि कापड निवांत पडून होतं. त्या संध्याकाळी विमलाबाईंचा तळवा या काठापासून त्या काठापर्यंत गेला, कुठेच अडला नाही. उठून चहा ठेवायला गेल्या. संभाजीराव तिथेच बसून राहिले. साहेबाने फेकलेलं रजिस्टर वाकून उचललं होतं, त्या दिवशीही त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

सतराव्या दिवशी फक्त शेवटचा कोपरा उरला. संभाजीरावांनी सुई खाली ठेवली. "हा तुझा. आन् एक ऐक. मी शिवली म्हणून कुणाला सांगू नको. पंचवीस तुझ्या हायेत, ही सव्विसावी बी तुझीच. नाव तुटायला नको."

"अप्पाराव हसतील म्हणून म्हणायलाव का माझ्यासाठी?"

"दोन्ही," संभाजीराव खरं ते बोलले.

"बघू," विमलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संभाजीरावांना दूध आणायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं. ते दूध घेऊन आले तरी दार बंदच होतं. चार दाणे आणि एक त्रिकोण, याला एवढा वेळ कशाला? दुखऱ्या हाताने लुगड्याचा तुकडासुद्धा शिवता येत नसेल बिचारीला, असं वाटून ते जिन्यातच बसून राहिले. दार उघडलं तेव्हा गोधडी घडी घालून पिशवीत गेली होती, आणि विमलाबाईंचं मनगट सुजलं होतं.

रेणुकाच्या सासरी हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, आणि बाळाला निजवण्यासाठी आजोळची गोधडी मागवली. जावई प्रज्ञेशने ती चौरंगावर पसरली. बाया पुढे सरकल्या, हात लावून बघू लागल्या. रेणुकाच्या सासूबाई, रंजनाताई, यांनी दोन्ही तळवे फिरवले. "अगोबाई, काय मऊ! विमलाबाई, हात मोडलेला असताना शिवली कशी हो?"

संभाजीराव खुर्चीवरून अर्धे उठले. उत्तर घोकून आले होते. "हिनंच..."

"मी न्हाई," विमलाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "कोपरा बघा."

रंजनाताईंनी कोपरा उलगडला. तिथे लाल त्रिकोण नव्हता. खाकी होता. ट्रंकेतल्या त्या जुन्या पँटचा, रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं बसलेल्या माणसाच्या कपड्याचा.

"ह्यांनी शिवली," विमलाबाई म्हणाल्या. "एकदा उसवली, पुन्यांदा शिवली. म्हणून निशाणी त्यांची."

हॉलमध्ये एकच गलका झाला. रेणुका "पप्पा?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. अप्पारावही आले होते. ते मोठ्याने म्हणाले, "वो पतंगां बोले थे ना मेरे कू!" सगळे हसले. संभाजीरावांना काही ऐकू येत नव्हतं. ते चौरंगाशी उकिडवे बसले आणि कोपऱ्यावरून बोट फिरवू लागले. आत जोंधळ्याचे चार दाणे लागत होते. कडेने सात टाके होते, वाकडे, एक लांब, एक आखूड. ज्या हाताला पाण्याचा पेला उचलवत नव्हता, त्या हाताने सात वेळा सुई खाकीतून आरपार नेली होती. सातव्या टाक्याची गाठ आत जिरवता आली नव्हती. ती वरच राहिली होती.

संभाजीराव बायकोकडे वळले. डोळे पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"गाठ वर राहिली," ते हळूच म्हणाले.

"माहीत हाय," विमलाबाई म्हणाल्या. "राहू द्या तशीच. त्या कोपऱ्यावर लेकरू निजत न्हाई." आणि त्यांनी डाव्या हाताच्या कवेत नात घेऊन ती त्यांच्या हातात दिली, गोधडीवर ठेवायला.