दीड बंडी जात नाही

वऱ्हाडात अर्धवट माणसांना तोटा नाही. पण ‘अर्धं’ या गोष्टीचंच वावडं असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. राहायचा अमरावतीला राजापेठेत, फिजिक्स शिकवायचा अकोल्याच्या कॉलेजात, आणि उरल्या वेळात, म्हणजे बारा वर्षं, पीएच.डी. करायचा. विषय काय, तर केसाहून हजारो पट बारीक वाटेतून वीज कशी जाते. वाट हळूहळू रुंदावली तरी वीज म्हणे हळूहळू वाढत नाही. पायरी चढल्यासारखी वाढते. एक पायरी, मग दोन. मधलं काही नाही! हे त्यानं थेट संसारात आणलं. बायकोनं अर्धी भाकर वाढली की ताट सरकवायचा, “एक वाढ, नाही तं राहू दे.” एकदा बोळातून शेजारी-शेजारी किती स्कुटरी जातात ते मोजत तोंडाशी उभा होता. पोलिसानं हटकलं, तर त्यालाच त्यानं क्वांटम शिकवलं. शेवटी पोलिसानंच हात जोडून चहा पाजला.

भारनियमनाचे दिवस होते. हा हिवरखेडला, गावच्या घरी, गेला की लोक घेरायचे, “सायेब, तुमी विजेचेच नं? मंग आमची लाइन काहून येत नाही?”

“माही वीज लय बारीक आहे, काका,” हा ओशाळून म्हणायचा.

त्याची खरी तगमग वेगळीच होती. आपण काय करतो हे बाबांना एकदा तरी कळावं. म्हणून प्रबंधाचं नाव त्यानं मराठीत लिहून दाखवलं. त्यात ‘वाहकता’ होतं, आणि बाबांनी ‘वाहक’ फक्त एसटीत वाचलेलं. म्हातारा भडकला, “कंडक्टरच व्हाचं होतं तं मॅट्रिकलेच व्हाचं होतं नं बे!”

पण एकदा वावरात जाताना, पांदणीच्या अरुंद वाटेत समोरून बैल जुंपलेली बंडी आली आणि दोघं काट्यांत उभे राहिले. तिथं यानं पुन्हा सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “म्हंजे पांदणच झाली. रुंद केली तं एक बंडी जाते, आनखीन केली तं दोन. दीड बंडी कधी गेली काय?” साडू तिथंच ढसाढसा रडला.

ते वाक्य त्यानं प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, “काम उत्तम आहे. फक्त ती बंडी काढा.” यानं काढली नाही, पदवी अडकली. त्याच साली बाबा गेले. मी चिडून म्हटलं, “अरे, एका ओळीसाठी काय हा हट्ट!”

“भाऊ, बारा वर्सात माह्या बापाले समजलेली थे एकच ओळ आहे. थेच काढू?”

दारावर अजून नुसतं ‘प्रा.’ आहे. मायेनं त्याला अर्धा डॉक्टर म्हणावं, तर अर्धं त्याला चालत नाही.