कमलच्या नावाची मूठ

त्या श्रावणात मी कानबाईवर रागावले होते. देवीवर रागवावं का, असं कोणी विचारेल. पण ज्याला आपलं मानलं त्याच्यावरच राग येतो ना? शेजारणीच्या देवावर मी कशाला रागवेन? मी शाळेत गेलेली बाई नाही. पुडीच्या कागदांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, म्हणून जसं बोलते तसंच लिहिते आहे. घडलं तेवढं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमची कमल धुळ्यातच नर्सिंग शिकली आणि दवाखान्यात लागली, तेव्हा जळगावहून स्थळ चालून आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. हुंडा नको म्हणाले, पत्रिकाही नको म्हणाले. मुलीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट मात्र जावईबापूंनी दोनदा वाचलं, खिडकीपाशी उजेडात धरून. मला भरून आलं. शिक्षणाची केवढी कदर! मी गल्लीभर पेढे वाटले. ते पेढे आठवले की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा कदर कशाची होती ते कळलं. अमेरिकेला नर्सा हव्या होत्या. तिकडची एक परीक्षा मुंबईत बसून देता यायची, एक पेपर नर्सिंगचा आणि एक इंग्रजीचा. ती पास झाली की नर्सच्या व्हिसाचं काम पुढे सरकायचं. नर्सच्या पाठोपाठ नवरा जाणार, आणि नवरा तिकडे रुजला की एकेक करून दीर. जावयाने ही सगळी चौकशी लग्नाआधीच करून ठेवली होती. म्हणजे यांनी सून आणली नव्हती, वर चढायला शिडी आणली होती. पहिल्या खेपेला कमल इंग्रजीत नापास झाली. आठव्या दिवशी जावईबापू तिला एका ट्रंकेसह आमच्या ओसरीवर सोडून गेले. "आमच्याकडे घरकामात अभ्यास होत नाही तिचा. पास झाली की न्यायला येतो," म्हणाले. चहाही घेतला नाही. शिडी मोडली तर सुताराकडे टाकून जावी, तसे गेले.

मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. आमचे हे समजावत होते, "अगं, राग धरून काय होणार?" मी म्हटलं, "दिव्याने तरी काय झालं?"

तेवढ्यात कानबाईचा सण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते मुठींनी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तान्ह्या मुलाचीसुद्धा. बाईच्या नावाची मूठ नसते, तिने नवऱ्याच्या मुठीतलं खायचं. भाऊबंद सगळे एकत्र येतात आणि तो रोट घरच्यांनीच संपवायचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. लग्न झालेल्या लेकीलाही नाही, कारण ती आता दुसऱ्या घरची. तिचा घास तिच्या सासरच्या रोटात. त्याच रविवारी जळगावलाही कानबाई बसणार होती. तिथून कार्ड आलं: 'अभ्यास मोडेल, कमलने येऊ नये.'

म्हणजे सासरच्या रोटात तिला घास नाही, आणि माहेरच्या रोटावर तिचा हक्क नाही. दोन घरांत कानबाई बसली असताना माझी पोर स्वयंपाकघरात कोरडी भाकरी खाणार! मी सुपात गहू मोजत होते. सगळ्यांच्या मुठी झाल्या आणि मी अजून एक भरून घातली.

"ही कोणाची?" मोठ्या जाऊबाईंनी विचारलं.

"कमलची."

"लेकीची मूठ? डोकं फिरलं का तुझं? देवी कोपेल."

"कोपू द्या. मी तिच्याआधीच कोपलेय."

जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सोमवारी पांझरा नदीवर कानबाई बोळवायला न्यायची तेव्हा मी तिच्या पायाशी वाकले आणि मागणं मागितलं. मी म्हटलं, माझ्या पोरीला नापास कर. त्या लोकांची तोंडं काळी होऊ देत. पोरीचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही, एवढी मी रागाने आंधळी झाले होते.

त्याच आठवड्यात परीक्षा होती. ह्यांना कामावरून सुट्टी नव्हती, म्हणून कमलबरोबर मीच निघाले. रात्री कल्याणला मावसबहिणीकडे मुक्काम, सकाळी पेपर, असा बेत होता. शिदोरीत मी रोटाच्या चार पोळ्या बांधल्या. रोटाने उंबरा ओलांडला तो ओलांडलाच. धुळ्याची पॅसेंजर शिरूडच्या पुढे इंजिन बिघडून जी थांबली, ती दोन तास हलली नाही. चाळीसगावला उतरलो तेव्हा मुंबईकडची गाडी निघून गेली होती. पुढची दुपारी आली, तर बायकांच्या डब्याचं दार आतून बंद. खिडकीतून बायका ओरडत होत्या, "जागा नाही, मागे जा!" मागचे डबेही तसेच भरलेले. कमल ट्रंकेवर मटकन बसली. मी मागितलं तसंच घडत होतं. न राहवून मी तिला सांगून टाकलं, "कमल, मी देवीला म्हटलं होतं, तू नापास व्हावी."

ती चक्क हसली. "माय, मागच्या खेपेला तू पास कर म्हणाली होतीस. तेव्हा काय झालं, याद शे ना?"

तेवढ्यात कोणीतरी मागून माझा दंड धरला. उंच, काळीसावळी बाई, पांढरं पातळ, गळ्यात बारीक क्रूस. काखेत कमलच्याच पुस्तकासारखं जाड पुस्तक. केरळची होती, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. तिने बंद दारावर थाप मारली आणि अशा आवाजात "दरवाजा खोलो!" म्हणाली की आतली कडी आपोआप निघाल्यासारखी निघाली. आम्हाला चढवलं, ट्रंक आत ओढली, दोन बायकांना सरकवून मला टेकवलं. तीही तीच परीक्षा द्यायला निघाली होती. नाशिकपर्यंत दोघी उभ्याने पुस्तक धरून इंग्रजी घोकत होत्या. मध्ये कमलने तिला आपली सगळी कथा सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हजबंड को छोड़ो. तुमको जाना है क्या?"

कमलने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "हो. मला जायचंय. पण माझी मी."

मी तिथे बसल्या जागी वितळले. लग्न झाल्यापासून सगळे त्या पोरीच्या परीक्षेवर बोलत होते. जावई बोलले, विहीणबाई बोलल्या, मी तर सगळ्यांत मोठ्याने बोलले. पण तुला काय हवंय, हे मी तरी कुठे विचारलं होतं? त्या बाईने तिला आणखी एक गोष्ट समजावली. व्हिसा मिळणार तो कमलच्या नावावर, आणि नवऱ्याचे कागद पुढे जाणार ते तिने सही केली तरच. हे जावयाने कधी सांगितलंच नव्हतं.

मी शिदोरी सोडली आणि रोटाची पोळी आधी तिच्या हातावर ठेवली. परक्या जातीची, परक्या देवाची बाई. तिने ती कपाळाला लावली आणि मगच खाल्ली. तिला हे कोणी शिकवलं होतं, मला माहीत नाही.

कमल पास झाली. निकाल कळताच जावईबापू हार आणि पेढे घेऊन हजर. काय काय सुनवायचं ते मी तोंडपाठ करून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार तोच कमल पुढे आली, अगदी शांत. "मी आधी एकटी जाणार. तुमच्या कागदावर सही करायची की नाही, ते पुढच्या श्रावणात बघू. तुमच्या घरच्या रोटात माझ्या नावाची मूठ पडली, तर."

"बाईच्या नावाची मूठ नसते," जावई म्हणाले.

"बाईच्या नावाचा व्हिसा असतो ना?"

हार तसाच त्यांच्या हातात राहिला.

पुढच्या श्रावणात जळगावला मूठ पडली. विहीणबाईंनी ती मनापासून घातली की दात-ओठ खाऊन, ते कानबाईला ठाऊक. त्यानंतर कमलने सही केली; गेली मात्र आधी एकटीच.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? जावई आता तिकडून पत्रातून नमस्कार कळवतात आणि मी पत्र उलटं ठेवते. पण देवीला मी आता सांगत नाही की अमकं कर, तमकं कर. माझ्या सांगण्यावर ती चालली असती तर पोरीची वाट मीच बुजवली असती. तिने माझी शिवी पोटात घातली आणि माझी मूठ तेवढी घेतली. दर श्रावणात सुपाशी बसते, सगळ्यांच्या मुठी झाल्या की कमलची घालते, आणि मग अजून एक, पांढऱ्या पातळातल्या त्या बाईची. जाऊबाई आता विचारत नाहीत. परवा तर सूप त्यांनीच माझ्याकडे सरकवलं.