टोपी परातीत पडली तेव्हा

आमच्या घरातलं राष्ट्रपतीपद एका दसऱ्याच्या तोंडावर रिकामं झालं, आणि त्याला कारण माझं नागरिकशास्त्र.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. पंचवटीच्या पुढे आमचा मळा. मळ्यात झेंडू पिकायचा आणि मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. (झेंडूला दसऱ्यानंतर कोणी विचारत नाही, नागरिकशास्त्राला परीक्षेनंतर.) झेंडू कधी तोडायचा, हे ठरवणार फक्त आबा, म्हणजे आमचे वडील. त्यांच्या शब्दाशिवाय फुलाला हात लागत नसे.

"उद्यापासून तोडायला घ्या," आबा म्हणाले.

"नाय आबा, दसऱ्याच्या पहाटेच सगळा तोडू," धाकटा बाळू म्हणाला. "ताजा माल, भाव लय!"

इथं मी तोंड उघडलं. "मतदान घेऊ. लोकशाही आहे!"

दोन विरुद्ध एक. आबांनी डोक्यावरची टोपी काढून भिरकावली. "चालवा तुमची लोकशाही!" ती नेमकी आईच्या परातीत, भाकरीच्या पिठात पडली. आणि आबा एसटी धरून थेट चांदवडला, आत्याकडे!

घटकाभरात बाळूचा चेहरा उतरला. "दादा, एका पहाटेत एवढा झेंडू तोडायला माणसं कुठनं आणायची?" हे त्याला मतदानाआधी सुचलं नव्हतं. मला तर नंतरही सुचलं नव्हतं! तोडणीच्या बायका बांधावर येऊन विचारायला लागल्या, "उद्या यायचं का नाय?" उत्तर द्यायची हिंमत कोणाचीच होईना. झेंडू झाडावर राहिला तर हंगामभराची मेहनत शेळ्यांच्या पोटात जाणार होती.

"घाबरू नका," मी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "घटनेत सोय आहे. राष्ट्रपतीचं पद रिकामं झालं की नवा निवडून येईपर्यंत उपराष्ट्रपती काम बघतात. राष्ट्रपती राजीनामासुद्धा उपराष्ट्रपतींकडेच देतात."

सगळ्यांनी परातीकडे पाहिलं. आईनं टोपी उचलून पीठ झटकलं.

"आणि आई नाय म्हणाली तर?" बाळू.

"मग सरन्यायाधीश."

आमच्या घराण्याची सगळी भांडणं मिटवायची ती चांदवडची आत्या! म्हणजे फिरून तिथंच. आईनं टोपी खुंटीला लावली आणि बांधावरच्या बायकांना हाक दिली, "उद्या या गं! खालचा तुकडा उद्या, वरचा दसऱ्याच्या पहाटे."

एवढंच. इतका सोपा निर्णय आमच्या लोकशाहीला का सुचला नाही, कोण जाणे. मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुझे आबा रोज रात्री मला इचारत, न्‌ सकाळी तुम्हाला सांगत. आता मधला माणूस नाय, एवढाच फरक." इतकी वर्षं मी त्याच घरात जेवत होतो.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी शंका काढली. "अहो, उपराष्ट्रपती राज्यसभाही सांभाळतात ना? मग ते काम?"

"ते सुटतं!" प्रश्न चांगला आल्यावर मास्तर फुलतो. "राष्ट्रपतीचं काम बघताना सभापतीपद सांभाळता येत नाही. तेवढे दिवस उपसभापती."

"म्हणजे आईंचा स्वयंपाक सुटला. मी तर तोडणीवर. बाळूभावजी माल घेऊन बाजारात." ती माझ्याकडे बघून गोड हसली. "शाळेची सुट्टी कोणाला आहे?"

झेंडू वेळेत गेला. दसऱ्याला आबा आपट्याची पानं घेऊन हजर! खुंटीकडे हात नेला, तशी आई म्हणाली, "थांबा. राजीनामा दिलाय तुम्ही. आता निवडणूक."

"कधी?"

"सहा महिन्यांच्या आत," मी चुलीपुढून सांगितलं. "माजी राष्ट्रपतींना पुन्हा उभं राहता येतं."

"मग घाई काय हाय?" आई म्हणाली.

आपल्या म्हणण्याप्रमाणे खालचा तुकडा आधी तोडलेला आबांनी येतानाच पाहिला होता. पानावर बसले, माझ्या भाकरीचा तुकडा मोडायला गेले. मोडेना. दोन्ही हातांनी जोर लावला.

"राष्ट्रपती तुमची आईच राहू द्या," ते म्हणाले, "पण तो उपसभापती आजच्या आज बदला!"

मतदान झालं. ठराव एकमतानं मंजूर. विरोधी मत द्यायला मी उठलो होतो, पण माझ्याही तोंडात तीच भाकरी होती.