दोन मंडळ्या आणि एक पेला

दोन ख्रिस्ती मंडळ्या एक करायला किती माणसं लागतात ते मला सांगता येणार नाही. त्या मोडायला मात्र एक बाई पुरते. ती व्यवस्थित असली तर काम वेळेच्या आधीच होतं.

मी व्यवस्थित आहे. मी याद्या करते. बाजाराची यादी, धुण्याची यादी, कोणती यादी कोणत्या डब्यात ठेवली आहे याची यादी. आमचे हे म्हणतात, तू स्वर्गात गेलीस तर दारातच हजेरी घ्यायला बसशील. (हे सहकारी दूध सोसायटीत होते. बहात्तरच्या दुष्काळात त्या सोसायटीत दूध सोडून सगळं होतं, त्यामुळे यांना घरी बसून अशी वाक्यं सुचायची.)

आमचं गाव लोहाऱ्याच्या अलीकडे. गावात दोन मंडळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्ही प्रोटेस्टंट. वेगवेगळ्या मिशनच्या साहेबांनी त्या स्थापल्या आणि साहेब आपापल्या देशी निघून गेले. भांडण मात्र इथंच ठेवून गेले. वरच्या मंडळीत उपासनेचं पुस्तक होतं, मेणबत्त्या होत्या, गुडघे टेकणं होतं. पाळक एक वाक्य म्हणणार, लोक दुसरं म्हणणार. खालच्या मंडळीत पुस्तक नव्हतं. तिथं मनातून प्रार्थना व्हायची, आणि काही जणांचं मन वीस वीस मिनिटं चालायचं. गावाला यातलं काही कळत नव्हतं. गाव आम्हा सगळ्यांना सरसकट 'मिशनवाले' म्हणायचं. फरक फक्त आम्हालाच दिसायचा.

मी जन्मले वरच्या मंडळीत आणि दिली गेले खालच्या मंडळीत. माझे वडील अण्णा, निवृत्त मास्तर, वरच्या मंडळीचे पंच. माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्या म्हणते) खालच्या मंडळीचा कणा. दोघांची घरं अडीचशे पावलांवर. त्या अडीचशे पावलांत पंधरा वर्षं माझी चप्पल झिजली.

मग वरिष्ठांनी ठरवलं की सगळ्या मिशनांनी मिळून एकच मंडळी व्हायचं. कागदावर आम्ही एक झालोही. दोन्ही मंडळ्यांना मिळून एक पाळक आले. तरुण, नगरकडचे, स्वभावानं इतके नम्र की कुत्र्यालाही 'बाजूला व्हा' म्हणायचे. ते एका रविवारी वर उपासना घ्यायचे, दुसऱ्या रविवारी खाली. दोन्हीकडचे लोक तिसऱ्या दिवशी येऊन त्यांना दुसरीकडच्या चुका सांगायचे.

असं वर्षभर चाललं, आणि वरून पत्र आलं. ईस्टरला दोन्ही मंडळ्यांनी एका मेजावर प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षारस, घेतलं नाही, तर पाळकांची बदली होईल. त्यानंतर दोन महिन्यांतून एकदा कोणीतरी एसटीनं येऊन जाईल.

हे पत्र मी आत्यांना वाचून दाखवलं. आत्या सत्तरीच्या. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"म्हंजी मेल्यावर माती कोन देनार?"

"त्या महिन्यात पाळक आले असतील तर तेच."

"आन् आले नसले तर? म्या यष्टीची वाट बघत पडून ऱ्हायची व्हय? न्हाय जमायचं. माझ्या मातीला पाळक पायजे. करा बाई एकी."

अण्णांचं म्हणणं वेगळ्या शब्दांत तेच होतं. "सुमती, माणसानं कधी मरावं हे एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहता कामा नये."

पाळकसाहेबांनी मला सेक्रेटरी केलं. म्हणाले, "सुमतीबाई, तुम्ही दोन्हीकडच्या आहात." दोन्हीकडच्या म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्या, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं.

पहिला प्रश्न उठण्याबसण्याचा. ईस्टरच्या एकत्र उपासनेच्या सरावाला वरचे उभे राहिले की खालचे बसायचे. खालच्यांना कोपरानं ढोसून उभं करावं, तोवर वरचे गुडघ्यांवर गेलेले असायचे. लांबून बघणाऱ्याला ज्वारीच्या शेतात वारा शिरल्यासारखं वाटलं असतं. मी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर तक्ता काढला: कोणत्या वाक्याला उठायचं, कोणत्या वाक्याला बसायचं, 'आमेन' कुठं. तीन सरावांत ते जमलं. आत्या गुडघे टेकताना म्हणाल्या, "टेकते, पन उठवायला अण्णांनी यायचं. हौस त्यांची हाय." अण्णा आले. वाकल्यावर त्यांनाही उठता येईना. मग दोघांना यांनी उठवलं.

दुसरा प्रश्न पेल्याचा. यावर गाडी रुतली.

वरच्या मंडळीत सगळे एकाच पेल्यातून घ्यायचे. खालच्या मंडळीत प्रत्येकाला अंगठ्याएवढा काचेचा ग्लास. सत्तर ग्लास, लाकडी तबकात भोकं पाडून बसवलेले.

"एक पाव, एक पेला. तोच तर अर्थ आहे," अण्णा म्हणाले.

"आन् एकाची थुकी सत्तर जनांनी घ्यायची, ह्यो कुटला अर्थ?" आत्या म्हणाल्या.

"प्रत्येक घोटानंतर कड पुसतात."

"त्याच फडक्यानं न्हवं?"

तीन संध्याकाळी हीच चर्चा आमच्या ओसरीवर झाली. चहा मी करत होते. दूध नव्हतं, साखर मोजून होती, आणि मला सकाळी शाळा होती. चौथ्या संध्याकाळी मी वैतागून यादी पुढं ठेवली. सत्तर ग्लास धुवायला दोन हंडे पाणी. टँकर चार दिवसांतून एकदा. घरटी मिळतं तेवढंच पाणी. हे दोन हंडे कोणाच्या घरातून आणायचे, त्यांनी नाव सांगावं, मी लिहून घेते.

कोणी नाव सांगितलं नाही. ईश्वरशास्त्रानं जे वर्षभरात झालं नाही ते टँकरनं एका संध्याकाळी केलं.

आत्यांनी एकच अट घातली. "पेला तुमचा, तर रस आमचा. आमच्या पद्धतीचा. दारू न्हाय चालायची." खालच्या मंडळीचा रस म्हणजे काळ्या मनुका उकळून गाळायच्या आणि त्यात चिंचेचा कोळ. त्या वर्षी मनुका मिळाल्या मूठभर, चिंच मात्र भरपूर होती. दुष्काळाला चिंचेचं झाड दाद देत नाही. मी प्रमाण जरा बदललं. त्याला रस म्हणायला मन धजत नव्हतं, पण रंग चांगला आला.

शनिवारी सकाळी अण्णांनी पेला आणून दिला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. मिशनचा चांदीचा पेला साहेबांबरोबर गेला होता. हा पितळेचा, पण घाट सुरेख. मी उघडून बघितला आणि माझ्या जिवाला चटका बसला. बाहेरून काळवंडलेला आणि आतून करडा, डागाळलेला. खालच्या मंडळीनं हा पेला बघितला असता तर ऐक्य तिथंच संपलं असतं. आत्यांनी एकदा आत डोकावलं असतं तरी पुरे होतं.

मी चिंच आणि राख घेऊन बसले. तासभर घासला. बाहेरून तर घासलाच, आतूनही नारळाच्या शेंडीनं घासला. करडा थर मोठा चिवट होता, पण मीही चिवट आहे. शेवटी आतून-बाहेरून सोन्यासारखा पिवळाधमक झाला.

हे दाराशी येऊन उभे राहिले. "आतून पांढरा होता ना गं तो?"

"मळ होता."

"इतका सारखा मळ?"

"तुम्ही सोसायटीत जाऊन या."

ते गेले. मी यादीवर खूण केली. रविवारी सकाळी घाई नको म्हणून मी शनिवारीच दुपारी रस पेल्यात भरला, वर ताटली ठेवली, ताटलीवर फडकं. कामं आदल्या दिवशी संपवणं ही माझी खोड आहे.

ईस्टरची उपासना खरोखर देखणी झाली. मेणबत्त्या पेटल्या. लोक एकदम उठले, एकदम बसले. खालच्या मंडळीनं वरच्यांचं उत्तर म्हटलं, वरच्यांनी खालच्यांचं गीत टाळ वाजवून म्हटलं. माझे डोळे भरून आले. (थकव्यानंही येतात.)

मग लोक मेजाकडे निघाले. पहिले अण्णा. त्यांनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, भावना. दुसऱ्या आत्या. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मान हलवली. मला वाटलं, भक्ती. त्यांच्यामागून येणारा प्रत्येक जण घोट घेऊन असाच गंभीर होत गेला. इतकी गंभीर सहभागिता मी जन्मात बघितली नव्हती. माझी पाळी आली तेव्हा जिभेवर किल्ली ठेवल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, चिंच जरा जास्त झाली.

सगळ्यांचं झाल्यावरही पेल्यात बरंच उरलं. कारण नंतर समजलं: प्रत्येकानं घोट लहान घेतला होता. वरच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे उरलेलं टाकायचं नसतं, पाळकानं संपवायचं असतं. पाळकसाहेबांनी आत बघितलं, वर बघितलं, आणि संपवलं.

आशीर्वाद झाला. लोक बाहेर लिंबाखाली आले, एकमेकांना सलाम केले. "बरं झालं एकदाचं," असं कोणीतरी म्हणालं, आणि मग झाडाच्या पलीकडे जाऊन ओकलं. त्याच्यामागे दुसरा गेला. दहा मिनिटांत लिंबाखाली कोणी उभं नव्हतं, सगळे वाकलेले होते. वरचे, खालचे, पंच, कारभारी, सगळे एका ओळीत. तक्ता न वाटता.

सत्तर ग्लास धुवायला दोन हंडे लागले असते. सत्तर तोंडं धुवायला अकरा लागले.

पाळकसाहेबांना बाजेवर घातलं. त्यांचा रंग मेणबत्तीसारखा झाला होता. मी लिंबूपाणी घेऊन धावत होते आणि मनात एकच गोष्ट: हा माणूस उद्या सकाळी उठून बिछाना बांधणार, आणि आत्यांच्या मातीला एसटी लागणार. अंगणात तोवर लोकांच्या जिभा सुटल्या होत्या.

"म्हनून म्हनत हुते, एक पेला नगं!" खालचा एक जण म्हणाला.

"पेला वर्षानुवर्षं चालतोय. तुमचा तो काढा नडला," वरचा म्हणाला.

"काढा? आमच्या रसाला काढा म्हनतो?"

आत्या पायरीवर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनी हात केला. "तो पेला आना बरं इकडं." मी आणला. त्यांनी आत बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं, थुंकल्या. "कळकलंय. आंबट जिन्नस बिनकल्हईच्या पितळंत ठिवला की आसंच व्हतं. अवो अण्णा, ह्याला कल्हई न्हवती व्हय?"

अण्णा शेजारीच बसले होते. "होती की. गेल्याच वर्षी केली. आतून चांगली पांढरी..."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

मी शाळेत कोणता विषय शिकवत होते ते अजून सांगितलं नाही. गृहविज्ञान. 'आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नयेत' हा धडा मी दोन आठवड्यांपूर्वीच आठवीला शिकवला होता. आकृतीसह.

"तासभर घासला," मी म्हटलं.

"पोरगी कुनाची?" आत्या अण्णांना म्हणाल्या.

"माझी. पण पंधरा वर्षं तुमच्या घरात आहे."

"ते बी खरं." आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघांना एकाच गोष्टीवर मान हलवताना बघितलं.

संध्याकाळी पाळकसाहेब उठून बसले. आम्ही सगळे बाजेभोवती. त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "पहिल्या घोटाला कोणालाच कळलं नाही?"

आत्या म्हणाल्या, "कळलं की. पन वाटलं, वरच्या लोकांची रीत आसंल. पयल्याच दिशी कशाला नाव ठिवायचं? गिळला."

अण्णा खाकरले. "आम्हाला वाटलं खालच्या मंडळीचा रस असाच असतो. तोंड वाकडं केलं तर वाईट दिसलं असतं."

"आणि तुम्ही?" मी पाळकसाहेबांना विचारलं. "तुम्ही तर सगळाच घेतला."

"मला वाटलं, दोघांचंही असंच असतं," ते म्हणाले. थोडं हसले, पोट धरलं. "मी वर कळवतो, इथं मंडळी एकच आहे. माझी बदली नको. फक्त यापुढं एकमेकांचा मान जरा बेतानं राखा."

पाळक राहिले. पुढच्या रविवारी उपासनेनंतर एकत्र मंडळीची पहिली बैठक भरली. ठराव एकच होता. एक पेला राहावा, पुस्तक राहावं, रस खालच्या पद्धतीचा राहावा, आणि प्रभुभोजनाच्या कोणत्याही भांड्याला सुमतीबाईंनी हात लावू नये. मांडला अण्णांनी, अनुमोदन दिलं आत्यांनी. सगळे हात वर गेले. सेक्रेटरी म्हणून मी तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. 'सर्वानुमते' लिहायचं तर एक हात कमी पडत होता. ऐक्याचा प्रश्न होता, म्हणून पेन खाली ठेवून मीही हात वर केला.