फेस गेलेलं पाणी

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. काका सहकारी सूतगिरणीत कामाला होते. सूत धुवायचा पातळ साबण तिथून डब्यात भरून यायचा. कपडे स्वच्छ निघायचे, पण धुण्याचं पाणी फेकून द्यायला जीव होत नसे.

मी बारावीला नापास होऊन घरी बसले होते. मीच वडिलांना, आबांना, सुचवलं, न्हाणीमागं खड्डा घेऊन त्यात माती-वाळू भरू आणि पाणी गाळून घेऊ. त्यांनी तसं केलं. हळूहळू खालच्या हौदात नितळ पाणी यायला लागलं, फेसाचा बुडबुडासुद्धा नाही. परसातली वांगी त्यावर जगली. आबा येईल-जाईल त्याला हौद दाखवून सांगायचे, हे डोकं आमच्या पोरीचं. असं ते एरवी फक्त काकांच्या मुलीबद्दल बोलत. ती माझ्याच वयाची, उस्मानाबादला बी.एस्सी. करत होती. तिचे जुने झंपर मी वापरायची.

सुट्टीत ती आली. आबा म्हशीला हौदाचं पाणी दाखवणार होते, तिनं त्यांना थांबवलं. विहिरीच्या तळातले बारीक मासे आणून दोन बरण्यांत सोडले. एकीत धुण्याचं ताजं पाणी थोडं मिसळलं, दुसरीत हौदातलं तेवढंच. सकाळी पहिलीतले मासे फिरत होते. दुसरीतले उलटे तरंगत होते.

कॉलेजात सरांनी शिकवलेलं तिनं सांगितलं. मातीतले जिवाणू गिरणीतल्या असल्या साबणाची लांब शेपटी खातात, म्हणून फेस जातो. उरलेला बुडखा त्यांना लवकर पचत नाही, आणि तो मूळ साबणापेक्षा विषारी असू शकतो. मला टोचेल असं ती काहीच बोलली नाही. तेच मला जास्त लागलं. आबा तिच्याकडं कौतुकानं बघत होते.

बरणी तिनं नीट विसळली नसणार, असं मी मनाशी धरलं. ती गेल्यावर स्वतः बरण्या घासल्या, मासे आणले आणि देवाला हात जोडले. हौदाच्या पाण्यातले मासे मेलेच.

आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तिचं खरं हाय. म्हशीला पाजू नका. वांगीबी नगंत."

त्यांनी हौद बुजवला. जेवताना काकांना म्हणाले, तुझ्या पोरीला पुढं शिकायला औरंगाबादला पाठवू. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

म्हैस वाचली याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या सुट्टीत तिची यष्टी चुकली असती तर, एवढंच कितीतरी दिवस मनात येत राहिलं.