मामाची पहिली बॅच

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मीही अजून बी.एस्सी.च्या दुसऱ्याच वर्षाला आहे. अशानं कॅन्सरच्या नव्या औषधाबद्दल लिहावं हा आगाऊपणाच; जाणत्यांनी माफ करावं. मला औषधातलं फारसं कळत नाही. मामा तेवढा माहीत होता.

मामा उमरीचा गवंडी. लातूरच्या भूकंपानंतर त्यानं पडलेल्या गावांसाठी घरं बांधली, ती संपल्यावर लातुरात क्लासच्या पोरांसाठी खोल्या. अशाच एका खोलीत ठेवून त्यानं माझी बारावी करवली. बिडीला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर झाला, आणि कळेपर्यंत तो हाडांत उतरला होता. भेटायला येणारे आधी बिडीचंच विचारायचे. "न्हाई वढली कवा," असं मामा ओशाळून सांगायचा.

नांदेडचे उपाय संपले तेव्हा आम्ही हैदराबादच्या दवाखान्यात गेलो. गाठीचा तुकडा तपासला. एका जनुकातल्या बिघाडामुळे ती वाढत होती, आणि नेमक्या त्याच बिघाडावरची गोळी माणसांना पहिल्यांदाच देऊन बघणार होते. मामा त्यात बसत होता. घरी आल्यावर मामीनं गल्लीत पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, "नंबर लागला म्हना की!"

डॉक्टर मूळचे उदगीरकडचे. त्यांनी मराठीत सगळी फोड करून सांगितली. "पहिल्या बॅचला डोस सगळ्यात कमी. माणसाला सोसतं का, एवढंच बघायचं. गुण येईलच असं नाही. कुणाला बाधलं नाही तर पुढच्या बॅचला वाढवू. थांबलात तर जास्त डोस मिळेल, पण तोवर तब्येत कशी राहील ते सांगता येत नाही."

"पहिल्याच बॅचला घ्या," मामा म्हणाला.

बाहेर आल्यावर मी चाचरत म्हणालो, "मामा, थांबायचं का जरा?"

"येडा हायस का? लातुरात पहिल्या बॅचसाठी लोकं हातापाया पडून राहिलेत. सर समदं पहिलीलाच देतेत. दुसरीला उरलंसुरलं."

"हे क्लास न्हाईत, मामा."

"तू कोन्त्या बॅचला होतास?"

"दुसऱ्या."

"मंग? लागला का डाक्टरीला नंबर?"

मामा जगावा, एवढंच मला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून जायचा. ना उलटी, ना पुरळ. डॉक्टर "काही त्रास नाही" म्हणाले की मामी खूश व्हायची. गाठ मात्र वाढत राहिली, तेव्हा ठरल्याप्रमाणे गोळी बंद झाली. उन्हाळ्यात मामा उमरीला, घरीच वारला.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामीकडे होतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. दुसऱ्या बॅचमधल्या एका बाईंची गाठ निम्म्यावर आली होती. पहिल्या बॅचला काही बाधलं नाही, म्हणूनच त्यांना तेवढा डोस देता आला.